वीसवर सहा

दाब इथे सेंटिमीटर पाण्यात मोजतात.
वारा मोजायचा, तोही पाण्यानं!
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं.
आता बोटांनाच कळतं:
श्वास आत जाताना अठरा, म्हणजे वीतभराला जरा कमी,
बाहेर येताना पाच. तीन बोटं पाणी.
त्या तीन बोटं पाण्यावर
क्लिफर्ड कोकली रात्रभर तरंगतायत.

आडनाव लिहिताना लांबलचक,
बोलताना निम्मी अक्षरं गिळून नुसतं कोकली.
त्यांच्या छातीनंही तेच केलं,
चाळीस वर्षं स्टोकच्या कारखान्यांत
चकमकीच्या दगडाची पांढरी धूळ गिळली,
आणि कुठे बोलली नाही.
मग फुफ्फुसांचा भार ओढून ओढून
हृदयाची उजवी बाजू सुजली.
पायांवर बोट दाबलं की खळगा राहतो,
ओल्या मातीत राहावा तसा.

साडेबाराला कार्बन डायऑक्साइड चढला.
झोप नव्हती ती, गुंगी होती.
डॉक्टर फोनवर म्हणाले, बावीसवर आठ करा.
केलं.
फुफ्फुसं सुखावली, डोळे उघडले,
आणि ब्लडप्रेशर घसरलं. चौऱ्याण्णव, सत्त्याऐंशी, एक्याऐंशी.
छातीत हवा दाटली की
घरी परतणारं रक्त उंबऱ्यावरच थबकतं,
बैठकीत पाहुणे खच्चून भरल्यावर
घरच्याच माणसानं चपला हातात घेऊन
दाराशी उभं राहावं, तसं.

मिरजेत बाबा तंबोऱ्याला जवारी लावायचे.
घोडीवर तार, तारेखाली सुताचा धागा.
केसभर सरकवला की आवाज उघडतो,
आणखी केसभर, की मिटतो.
डोळे मिटून बसायचे, दुपार दुपार.
मी विचारायची, झालं का?
होत नसतं गं, म्हणायचे,
गाणाऱ्याला चालेल इतपत करायचं.

वीस. सहा.
आणि खुर्ची ओढून बसले.

तीन वाजता ओठ ओले करायला मास्क काढला.
नाकाच्या दांड्यावर लाल वळ.
त्यांनी विचारलं, मुली, तुझे वडील काय करतात?
करायचे, म्हटलं, आणि तंबोरा सांगायचा प्रयत्न केला.
इंग्रजीत तो जमला नाही.
पण त्यांना जमला.
आमची एनिड, ते म्हणाले, आणि दम घेतला,
दिवसभर बशा वाजवायची. नखानं.
चांगली बशी गाते.
तडा गेलेली
खोकते.
पुन्हा दम.
बघ मला वाजवून.

बरगडीवर मधलं बोट ठेवलं,
दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकलं. एकदा, जरा खाली पुन्हा.
भोपळा.
पोकळ, लांबत जाणारा,
बाबांच्या माळ्यावर उलटे टांगलेले असायचे त्यातला एखादा.
मॉनिटरची टिकटिक क्षणभर मागे पडली.

काय निघालं? त्यांनी विचारलं.
मला खोटं सुचेना.
सेकंड्स, ते आपणच म्हणाले,
किंचित तडा असलेला माल, स्वस्तात सुटतो.
आम्ही घरी जन्मभर तोच वापरला.
चहा गळत नाही त्यातून.
मग मास्ककडे बोट केलं. लाव.

खिडकीबाहेर ती एकच उरलेली भट्टी,
फुगीर पोटाची, विटांची,
विझून साठ वर्षं झाली.
तिच्या तोंडावर हळूहळू उजाडत होतं.

दिवसपाळीचे लोक येतील.
त्यातला एखादा तरुण ऑक्सिजन शंभरावर न्यायला बघेल,
त्याला सांगावं लागेल, यांना शंभर मानवत नाही,
अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, तेवढ्यातच यांचं घर.

सहा वाजून दहा मिनिटांनी चार्टवर लिहिलं:
वीसवर सहा.
ब्लडप्रेशर ब्याण्णव. सॅच्युरेशन एकोणनव्वद.
आणि पुढे, मराठीत, चालेल.
मग ते खोडलं.
त्या रकान्यात फक्त आकडे लिहायचे असतात.